सहावा पीळ

लखनौची थंडी आधी नळाच्या पाण्यात येते. दिवाळी होऊन पंधरा दिवस झालेले असतात, दुपारी अजून पंख्याची आठवण होत असते, आणि एखाद्या सकाळी तोंडावर पाणी मारावं तर बोटं दचकतात. मग आठवड्याभरात गोमतीवरून धुकं चढतं, सब्जीवाल्याच्या ठेल्यावर मटारचा ढीग लागतो, आणि इंदिरा नगरातल्या आमच्या गल्लीत कुणाच्या तरी गच्चीवर पहिली रजई उन्हात पडते. ती दिसली की मीही पलंगाच्या पेटीत हात घालते. तळाशी, जुन्या मलमलीच्या ओढणीत गुंडाळलेला एक कार्डिगन आहे. मऊ, फुललेल्या लोकरीचा, फिक्या गुलाबी रंगाचा. पुढच्या दोन्ही पल्ल्यांवर खालपासून वरपर्यंत पिळांची एकेक जाड वेणी. उजव्या पल्ल्यावरचा सहावा पीळ चुकलेला आहे. बाकीचे सगळे उजवीकडे वळतात, तो एकटा डावीकडे.

लोक म्हणतात, फुललेल्या लोकरीत चूक दिसत नाही. खरं आहे. हात फिरवला तर मात्र लागते.

आम्ही मूळचे सांगलीचे. सांगलीत स्वेटर घालायचा तो तान्ह्या बाळानं, नाहीतर दम्याच्या माणसानं. बाबा रेल्वेत इंजिनिअर, त्यांचं काम पुलांचं. त्यांची बदली लखनौला झाली आणि आई नव्या संसाराची चार भांडी आणि एक शाल घेऊन इथं उतरली. पहिल्या जानेवारीत ती म्हणे रोज रडायची. नुसत्या थंडीनं. तेव्हा आम्ही महानगर नावाच्या मोहल्ल्यात राहायचो, आमच्या आणि शेजारच्या सक्सेनांच्या गच्चीमध्ये कमरेएवढी भिंत होती. तिच्यावरून सक्सेना आंटींनी एकदा विचारलं, "भाभी, बुनना नहीं आता?" आईला नाही म्हणायची लाज वाटली. "थोड़ा-थोड़ा," ती म्हणाली. येत नव्हतं तिला काहीच. आंटींनी ओळखलं आणि दुसऱ्या दिवशी दोन सुया आणि उसवलेल्या लोकरीचा एक गुंडा भिंतीवर ठेवला.

पुढं आई अशी विणायला लागली की आंटींनीच तिला विचारावं. ज्यांना हे बाळपणापासून येतं त्या बायका गप्पा मारत विणतात, चुकतात, हसतात, "चलो, कौन देखेगा" म्हणतात. आईनं ते मोठेपणी शिकलेलं होतं, त्यामुळे तिला एकही टाका इकडचा तिकडे चालायचा नाही. दहा ओळी मागं चूक सापडली तर दहा ओळी उसवायची. बाबांचा एक आख्खा स्वेटर तिनं हिवाळा संपता संपता उसवला होता, कारण एका बाहीला दोन ओळी जास्त झाल्या होत्या. बाबा म्हणाले, "अगं, माझे हातच कमीजास्त असतील." तिला हसू आलं नाही.

हिवाळ्याचे ते दोन महिने महानगरच्या गच्च्यांवर बायकांचे हात रिकामे नसायचे. दुपारी बाराला ऊन गच्चीवर उतरलं की खाटा, चटया, शेंगदाणे, काळ्या मिठाची पुडी आणि पिशव्या वर यायच्या. नवा नमुना दिसला की माणूस ओळखीचं आहे की नाही हा प्रश्नच नसे. एका लग्नात आंटींनी एका परक्या बाईला खांद्याला धरून वळवलं होतं आणि तिच्या पाठीवरचे टाके मोजले होते. ती बाईही शांतपणे उभी राहिली. जेवण गार होत होतं आणि दोघींना त्याचं काही नव्हतं. मी लाजेनं खांबामागे गेले होते.

लाज हा त्या वयातला माझा मुख्य उद्योग होता. नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं, मी बारावीला होते, केस बॉयकट करून घेतले होते आणि घरात निम्मं हिंदीच बोलायचे. त्या शरदात आईनं एका हिंदी मासिकातला नमुना निवडला, माझ्यासाठी. फोटोतली मुलगी सफरचंदाच्या झाडाला टेकून उभी होती आणि तिच्या अंगावर तो पीळ घातलेला, बटणांचा, मऊ केसाळ कार्डिगन होता. अशी लोकर आईनं आधी कधी हाताळली नव्हती. ती उसवता येणार नाही असं आंटींनी तिला बजावलं, "यह ऊन उधड़ती नहीं, भाभी। रोएँ आपस में चिपक जाते हैं। सोच-समझ के बुनना।"

"मैं ग़लती करूँगी तब न," आई म्हणाली.

पीळ घालताना चार टाके सुईवरून उतरवून बाजूला थांबवावे लागतात, पुढचे चार विणायचे, मग थांबवलेले विणायचे. त्यासाठी तिसरी, आखूड सुई मिळते. आईनं ती कधी घेतली नाही. ती अंबाड्यातला आकडा काढायची, त्यावर ते चार टाके घ्यायची, काम झालं की आकडा परत अंबाड्यात. दर आठव्या ओळीला हात डोक्याकडे जायचा. आणि मासिकाच्या पानावर ती पेन्सिलीनं खुणा करायची. एक ओळ, एक रेघ. दिवसभराचं विणून झालं की शेवटच्या रेघेपाशी बारीक अक्षरात तो दिवस लिहायची. सोमवार. मंगळवार. सणाचा दिवस असेल तर सणाचं नाव. पाठ झाली, बाह्या झाल्या, आणि दिवाळीच्या तोंडावर डावा पल्ला सुईवर चढला.

धनत्रयोदशीला ती मला अमीनाबादला घेऊन गेली. सगळं शहर भांडी घेत होतं आणि आम्ही बटणांच्या दुकानात उभ्या होतो. तिनं वीसेक पेट्या उघडायला लावल्या असतील. शेवटी सात बटणं निवडली, शिंपल्याच्या रंगाची, उन्हात धरली की आतून हलकी निळी दिसणारी. "बघ बरं," ती म्हणाली. मी बघत नव्हते. समोरच्या दुकानात मशीनवर विणलेला मरून रंगाचा स्वेटर टांगला होता, तसाच माझ्या वर्गातल्या तिघींकडे होता.

"आई, प्लीज," मी म्हटलं. "हाथ का बुना कोई नहीं पहनता यार. मला नको ते केसाळ. आंटी दिसेन मी."

बटणवाल्याच्या देखत म्हटलं. बाजूला दोन बायका होत्या, त्यांनीही ऐकलं. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "बरं." मग बटणांची पुडी पर्समध्ये टाकली, समोरच्या दुकानात गेली आणि तो मरून स्वेटर बांधून घेतला. घरी येताना रिक्षात तिनं दिव्यांच्या माळांबद्दल काहीतरी सांगितलं. मी नव्या स्वेटरची पिशवी मांडीवर धरून बसले होते. संध्याकाळी फराळाचं आवरून ती विणायला बसली, रोजच्यासारखी.

भाऊबीजेला डावा पल्ला सुईवरून उतरला. त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी कुकर लावता लावता ती ओट्याला धरून खाली बसली. मेंदूतली रक्तवाहिनी, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी ती गेली. मी हॉस्पिटलच्या बाकावर तीन दिवस तो मरून स्वेटर घालून बसले होते, कारण थंडी पडायला लागली होती आणि दुसरा हाताशी नव्हता. तिनं डोळे उघडले नाहीत, तेव्हा तिनं तो माझ्या अंगावर पाहिला नाही. मला तेव्हा तेवढंच बरं वाटलं होतं.

सांगलीची माणसं आली, तेरा दिवस राहिली आणि गेली. मावशीनं कपाट आवरलं, साड्या वाटल्या. दाराच्या खुंटीवरची विणकामाची पिशवी तिच्या नजरेतून सुटली, किंवा तिला हात लावावासा वाटला नसेल. मग एक दिवस सक्सेना आंटी आल्या आणि खुंटीकडे बघत बाबांना म्हणाल्या, "अधूरा मत रखिए, भाई साहब। मुझे दे दीजिए, एक पल्ला ही तो है। पूरा कर दूँगी।"

"मी बघतो," बाबा मराठीतच म्हणाले. आंटींना कळलं असावं, त्या गेल्या.

बाबा बघतात म्हणजे काय, ते डिसेंबरच्या पहिल्या रविवारी कळलं. मी खाली फिजिक्स घेऊन बसले होते. वर गेले तर बाबा खाटेवर, समोर मासिकाचं ते पान, बाजूला आलेख-कागद, आणि हातात आईच्या सुया. सुयांवर लोकर नव्हती, सुतळी होती. आधी सुतळीवर सराव, असा त्यांचा हिशोब. नमुन्याची प्रत्येक ओळ त्यांनी चौकोनांत उतरवली होती, सुलट टाका रिकामा, उलट टाका भरलेला, पिळाच्या जागी बारीक बाण. पुलाचं ड्रॉइंग असावं तसं. आईचा आकडा त्यांनी घेतला नाही. सायकलचा एक आरा कापून, घासून, दोन्ही टोकं गुळगुळीत करून आखूड सुई बनवली होती.

मला भयंकर राग आला. कशाचा, ते धड सांगता येत नव्हतं. पलीकडच्या गच्चीवरचे निवृत्त पोस्टमास्तर हसून म्हणाले, "इंजीनियर साहब, रेल छोड़ के स्वेटर?" बाबांनी मान वर केली नाही. "टाका पडतो बोलल्यावर," ते पुटपुटले. मी दाणदाण जिने उतरले. मला तो कार्डिगन पूर्ण व्हायला नको होता. पूर्ण झाला असता तर तो घालावा लागला असता, आणि घालायला मी नकार दिला होता, आणि तो नकार परत घ्यायचा तर समोर कुणी नव्हतं. बाबांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं, असं मी धरून चालले होते. आम्ही दोघं एकाच घरात एकमेकांना वरण-भात वाढत होतो आणि तिचं नाव घेत नव्हतो.

आज विचार करते तेव्हा वाटतं, त्या माणसानं दुसरं करायचं तरी काय होतं? रडायला त्याला येत नव्हतं. बोलायची सवय सगळी तिच्याशी. लखनौत वीस वर्षं काढून त्याचं हिंदी कामापुरतं. आणि घरात अर्धवट सोडलेली एक वस्तू, जिचं ड्रॉइंग उपलब्ध होतं.

डिसेंबरभर ते विणत राहिले. ऑफिसातून आले की चहा, मग दिव्याखाली एक तास. रविवारी गच्ची. आईचा डावा पल्ला शेजारी पसरलेला असायचा, त्यावर ओळखू यावा म्हणून त्यांनी लाल दोरा बांधला होता. तिचा टाका किती सैल आहे ते बोटानं चाचपायचे आणि मग स्वतःचा टाका घालायचे. पट्टीनं मोजायचे. सुरुवातीच्या चार ओळी त्यांनी इतक्या वेळा उसवल्या की लोकरीचं ते टोक विरून गेलं, मग कापून टाकलं. तिच्यासारखाच हात आला पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. आणि तो आला. जानेवारीच्या सुरुवातीला पल्ला सुईवरून उतरला तेव्हा आंटी भिंतीवरून बघून म्हणाल्या, "हाथ बिलकुल भाभी का है।" बाबांनी चष्मा काढून पुसला.

शिवण्याआधी सगळे भाग रिठ्याच्या पाण्यातून काढून सावलीत पसरायचे असतात. ते काम आंटींनी घेतलं. दोन दिवसांनी त्या घड्या घेऊन आल्या, पाठ पसरली आणि तिच्यावर दोन्ही पल्ले ठेवले. एक पल्ला उचलला, उलटा केला, परत ठेवला. मग खाटेवर बसल्या.

"भाई साहब," त्या अगदी हळू म्हणाल्या, "ये दोनों बाएँ हैं।"

मासिकात लिहिलं होतं, दुसरा पल्लाही याच प्रकारे विणा. महानगरच्या कुठल्याही बाईला विचारा, तिला कळतं की बाहीचा मुंढा आणि गळा दुसऱ्या बाजूला घ्यायचा, डाव्याचं उजवं करायचं. हे कुणी लिहीत नाही, कारण हे कुणाला सांगावं लागत नाही. आणि पंचवीस वर्षं पुलांचे डावे-उजवे खांब तपासणाऱ्या माणसानं, तिचा पल्ला शेजारी ठेवून, टाक्याला टाका जुळवत, तंतोतंत तिचा पल्ला पुन्हा विणला होता. त्याला उजवा पल्ला विणायचाच नव्हता, असं मला आज वाटतं. त्याला तिचाच आणखी एक हवा होता.

लोकर उरली होती ती फक्त बटणपट्टीपुरती. बाबा दुसऱ्याच दिवशी अमीनाबादला जाऊन आले. "वो शेड अब नहीं आता, साहब," असं दुकानदारानं सांगितलं होतं. आंटींनी वाट काढली. पीळ पल्ल्याच्या बरोबर मध्ये आहे, तेव्हा मुंढ्यापर्यंत डावा काय आणि उजवा काय, सारखाच. एक पल्ला वरून मुंढ्यापर्यंत उसवायचा आणि तेवढा वरचा भाग उलट्या बाजूनं परत विणायचा. चाळीस ओळी. "पर यह ऊन..." म्हणून त्यांनी मान हलवली.

"माझा उसवू," बाबा म्हणाले. "माझा कुठला?"

लाल दोरा नव्हता. रंग उतरून डाग पडेल म्हणून आंटींनी धुण्याआधी तो काढून टाकला होता. दोन्ही पल्ले खाटेवर होते, दोन्ही फुललेले, दोन्ही डावे, आणि आम्हा तिघांपैकी कुणालाही सांगता येईना की आईचा कोणता. बाबांनी पट्टी आणली. मोजून पाहिलं. सूतभराचाही फरक नव्हता. इतकं छान जमवलं होतं त्यांनी की आता ते त्यांच्या गळ्याशी आलं होतं. मी त्यांचा चेहरा बघितला आणि माझा महिन्याभराचा राग कुठल्या कुठे गेला. तिच्या हातचं शेवटचं काम आपण आपल्याच हातानं उसवू की काय, ही भीती त्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती, आणि ती भीती माझीही होती.

तेव्हा आंटींच्या बोटांना ती चूक लागली. एका पल्ल्यावर, मुंढ्याच्या जरा खाली, सहावा पीळ उलट्या बाजूला वळला होता.

"लो," त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. "मिल गया। भाभी से ऐसी ग़लती? कभी नहीं। यह आपका है।"

बाबाही हसले. "माझाच असणार," ते म्हणाले. आईचा म्हणून दुसरा पल्ला मी ओढणीत गुंडाळून कपाटात ठेवला.

केसाळ लोकर उसवणं हे एका माणसाचं काम नाही. एकानं धागा हलकेच ओढून धरायचा, दुसऱ्यानं अडकलेले केस नखं कापायच्या बारीक कात्रीनं एकेक सोडवायचे. ओढलं की गाठ बसते, जास्त कापलं की धागा टक्कल पडल्यासारखा दिसतो. बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर होती. मी कात्री घेऊन बाबांच्या समोर बसले. पहिल्या दुपारी बारा ओळी झाल्या. हात गुंतलेले, नजर खाली, अशा वेळी तोंड आपोआप उघडतं. बाबा म्हणाले, पहिल्या हिवाळ्यात तिनं मला दोन डाव्या हातांचे मोजे करून दिले होते. मी म्हटलं, तिचं कधी चुकायचं नाही ना? ते म्हणाले, शिकताना सगळ्यांचं चुकतं, पण ते मोजे तिनं परत दिसू दिले नाहीत. मग ती रात्रीच्या गाडीत कशी कधीच झोपायची नाही, मटार सोलताना निम्मे कसे खायची, सक्सेनांशी बोलताना "हम लोग" म्हणून पुढचं वाक्य कसं मराठीत संपवायची, असं काय काय निघत गेलं. ती गेल्यापासून पहिल्यांदा आम्ही तिच्याबद्दल बोललो. खाली चहाला दूध नव्हतं ते अंधार पडायला लागल्यावर लक्षात आलं.

तिसऱ्या दुपारी ऊन पातळ होतं. मुंढा सहा ओळींवर राहिला होता. आठव्या पिळाचे टाके सुटत होते आणि बाबांच्या चिमटीतला धागा अडला. मी कात्री नेली. अडकला होता तो लोकरीचा केस नव्हता. काळं, सरळ, चमकणारं काहीतरी पिळाच्या पोटातून निघत होतं. मी बोटानं सोडवत गेले आणि ते येत गेलं, हातभर.

बाबांचे केस आखूड, पांढरे. माझे कानाच्या वर. बाबा विणायचे ते आऱ्याच्या सुईनं. अंबाड्यातून निघालेल्या आकड्याबरोबरच हा केस पिळात जाऊ शकत होता.

आम्ही दोघं त्या केसाकडे बघत राहिलो. पलीकडच्या गच्चीवर कुणीतरी बाज ओढत होतं. चौतीस ओळी आम्ही उसवल्या होत्या. तिच्या.

"म्हणजे चूक तिची होती," मी म्हणाले.

बाबांनी मान हलवली. म्हणाले, "सापडली. वीस वर्षांत एकदाची सापडली." आणि हसायला लागले. हसता हसता त्यांचा आवाज फाटला, त्यांनी तो पल्ला तसाच तोंडावर धरला आणि ते रडले. मोठ्यानं, कुणी ऐकेल याची पर्वा न करता. मी माझ्या बाबांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं, हॉस्पिटलमध्येही नाही आणि घाटावरही नाही. आंटी भिंतीपाशी आल्या, बघितलं आणि आवाज न करता परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर मी मासिकाचं ते पान काढलं. बॉर्डर झाल्यावर दर आठव्या ओळीला पीळ, म्हणजे सहावा पीळ अठ्ठेचाळिसाव्या ओळीला. डाव्या पल्ल्याच्या रेघा मोजत गेले. अठ्ठेचाळिसाव्या रेघेपाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, धनत्रयोदशी.

मी ते पान घेऊन बाबांपुढे गेले आणि सगळं सांगून टाकलं. बटणांचं दुकान, मरून स्वेटर, बाजूच्या दोन बायका, मी काय म्हणाले ते, शब्द न शब्द. ती त्या संध्याकाळी गप्प बसून विणत होती आणि तिचा हात चुकला, तो माझ्यामुळं चुकला, हे मी मोठ्यानं म्हणाले. बाबांनी बुटाची नाडी सोडता सोडता ऐकलं.

"त्या दिवशी रात्री जेवताना मी तिला विचारलं होतं," ते म्हणाले. "काय झालं बाजारात?"

"मग?"

"म्हणाली, बटणं फार चांगली मिळाली."

एवढंच. मला काहीतरी हवं होतं, रागावणं, नाहीतर तुझी काही चूक नाही असं म्हणणं. बाबांनी दोन्ही केलं नाही. बूट जागेवर ठेवले आणि म्हणाले, "चल, सहा ओळी राहिल्यात."

वरचा भाग बाबांनी परत विणला, या वेळी उजव्या बाजूनं, आंटी शेजारी खुर्ची टाकून बसलेल्या. तो केस त्यांनी पाकिटात घालून ठेवला नाही, देवघरातही नाही. आठव्या पिळाची ओळ आली तेव्हा तो धाग्याला लावून धरला आणि दोन्ही मिळून विणले. गळ्याकडच्या शेवटच्या बारा ओळी आंटींनी माझ्याकडून करून घेतल्या. माझे टाके घट्ट आले, अजून ओळखू येतात. फेब्रुवारीत सात बटणं लागली. तोवर थंडी ओसरत आली होती. परीक्षेच्या पहिल्या पेपरला मी तो घालून गेले आणि वर्गात एवढं उकडलं की तासाभरात काढून बाकावर ठेवावा लागला. मरून स्वेटर पुढं कुणाला दिला, आठवत नाही.

त्यानंतर तीस वर्षं होत आली. महानगरचं ते घर सुटलं, सक्सेना आंटी मुलाकडं गेल्या आणि तिकडेच वारल्या. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या ड्रॉइंगच्या पेटीत पेन्सिलींबरोबर तो आरा अजून आहे, माझ्या लेकीनं एकदा विचारलं होतं हे काय म्हणून. गच्च्यांवर हल्ली ऊन खायला माणसं येतात ती फोन घेऊन. विणणाऱ्या बायका दिसल्याच तर पार्कच्या बाकावर, एखाद दुसरी. मी स्वतः त्या बारा ओळींनंतर सुई धरली नाही. काहींना वाटतं मी आईचा वारसा चालवायला हवा होता. मला तसं वाटत नाही. मला चूक सहन होत नाही, एवढा वारसा पुरेसा आहे.

परवा मी कार्डिगन पेटीतून काढून उन्हात टाकला होता. लेक, रेवा, कॉलेजातून आली. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देते, आणि तिला टोकायचा अधिकार मला नाही. बाहेर पुन्हा धुकं उतरायला लागलं होतं, तिला ट्यूशनला जायचं होतं, तिचं जॅकेट धुवायला पडलं होतं.

"हा घाल," मी म्हटलं.

"मम्मा, सीरियसली? इतना फ़्लफ़ी? आंटी लगूँगी मैं।"

बरं म्हणायला मी तोंड उघडलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, काय दिसलं तिला कोण जाणे, कार्डिगन उचलला आणि बाह्यांत हात घातले. तिला बरोबर बसला. आरशासमोर उभी राहून ती उजव्या खांद्याजवळ काहीतरी बघायला लागली.

"इसमें किसी का बाल फँसा है. लंबा वाला." तिनं तो चिमटीत धरला.

"ओढू नकोस."

माझा आवाज जरा मोठा झाला असावा. तिची बोटं थांबली.

"आजीचा आहे," मी म्हटलं.

रेवानं आजीला पाहिलेलं नाही. फोटोतला अंबाडा तेवढा तिला माहीत आहे. तिनं बोटाच्या टोकानं तो केस हलकेच लोकरीत परत सारला, दिसेनासा होईपर्यंत. खालून वर एकेक बटण लावत गेली. शेवटचं लावताना खिडकीकडे वळली आणि ते उजेडात धरून बघितलं.

"बटन बड़े अच्छे हैं," ती म्हणाली आणि चपला घालून निघून गेली. मी दार लावून घेतलं आणि तिथंच पायपुसण्यावर बसले.